गाडीच्या पोटातली टिकटिक

मुलांनो, आवाज ओळखायला आपल्याला कुणी शिकवत नाही. तरी दूध उतू जायच्या बेतात आलं, की दुसऱ्या खोलीत बसलेल्या आईला ते बरोबर कळतं. जिन्यावरून कोणत्या बाई येताहेत, हे तुम्ही त्यांच्या चपलांच्या आवाजावरून ओळखता आणि वर्ग एकदम चिडीचूप होतो! आमचे आप्पा नारळ घेताना तो कानाशी धरून हलवतात. माठ घ्यायचा असला, की बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे, असं त्यांचं साधं गणित.

ओळखीचा आवाज असला, की आपण तो ऐकतसुद्धा नाही. घड्याळ रात्रभर टिकटिकतं, आपण खुशाल झोपतो. पण जो आवाज कशाचा आहे तेच कळत नाही, तो काही झोपू देत नाही. अशा एका आवाजानं आमच्या माहेरची झोप उडवली होती, त्याची ही हकिगत.

माझा दादा जुन्नर तालुक्यात राहतो. शेती थोडी, म्हणून त्यानं कर्ज काढून एक पिकअप घेतली. टोमॅटोच्या हंगामात गावातल्या शेतकऱ्यांची कॅरेट भरायची आणि नारायणगावच्या बाजारात नेऊन पोचवायची, हा त्याचा धंदा. गाडी चालली तर बँकेचा हप्ता वेळेवर जातो, गाडी थांबली तर थकतो. त्यामुळे पोळ्याला बैलांचे जितके लाड होतात, तितकेच दसऱ्याला पिकअपचे होतात.

मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले, तेव्हा घरात काहीतरी बिनसलं होतं. दादा जेवताना बोलेना. पहाटे गाडी सुरू केली, की टेपवरची गाणी मोठ्यानं लावी. मी वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "गाडी टिकटिक करतेय. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून गाणी."

झालं होतं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी इंजिनातून 'टिक् टिक् टिक्' असा बारीक, कोरडा आवाज यायला लागला. रस्त्यावरच्या एका गॅरेजात दादानं गाडी दाखवली. तिथल्या माणसानं मिनिटभर ऐकलं आणि सांगून टाकलं, "इंजिन खोलावं लागेल. चाळीस-पन्नास हजार धरून चाला." ऐन हंगामात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार आणि वर एवढा खर्च! वहिनीनं पाटल्या काढून ठेवल्यासुद्धा होत्या. मग काय, जो तो सल्ला द्यायला लागला. कुणी म्हणे ऑइल कमी असेल, कुणी म्हणे टॅपेट, कुणी म्हणे बेअरिंग गेलं. एकानं तर गाडी विकून टाकायला सांगितलं.

माझी भाची सहावीत आहे. ती म्हणाली, "आत्या, सगळे सांगताहेत, पण नीट ऐकलंय कुणी?"

पोरगी बोलली ते अगदी खरं होतं. मी तिला म्हटलं, "आपण दोघी ऐकू. इंजिन आपल्याला खोलता येत नाही, पण वहीत लिहायला तर येतं!"

मग तिनं शंभर पानी वहीला आडव्या-उभ्या रेघा मारल्या. रकाने असे: वेळ, गाडी उभी की चालू, इंजिन थंड की गरम, आवाज मोठा की बारीक. दादाबरोबर पहाटे उठून चार दिवस तिनं नोंदी केल्या. बॉनेटजवळ मात्र तिला जाऊ दिलं नाही, बरं का. चालू इंजिनात पंखा आणि पट्टा फिरत असतात, तिथं मुलांचं काम नाही.

चार दिवसांनी वही बोलायला लागली. पहिली गोष्ट, गाडी जागेवर उभी असतानाही टिकटिक होतीच. म्हणजे टायरच्या खाचेत अडकलेला खडा नव्हे. खडा असता तर चाक थांबल्यावर आवाजही थांबला असता. दुसरी गोष्ट, ॲक्सिलरेटर दाबला की टिकटिकही भराभर व्हायची. म्हणजे ती इंजिनाच्याच तालावर चालत होती. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पहाटे थंड इंजिनात आवाज मोठा, दहा-बारा मिनिटांनी तो बारीक होत जायचा आणि इंजिन चांगलं तापलं की नाहीसा व्हायचा! चारही दिवस असंच.

ही वही घेऊन आम्ही नारायणगावला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी चष्मा लावून वही पहिल्या पानापासून वाचली आणि भाचीला म्हणाले, "बेटा, अर्धं काम तू केलंस. बाकीचं अर्धं मी करतो. उद्या इंजिन थंड असताना गाडी आणा."

दुसऱ्या दिवशी चाचांनी आधी ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, अगदी बरोबर. मग इंजिन सुरू करून त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनाच्या एकेका भागावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डोळे मिटून ते ऐकत राहिले.

"अय्या, हे तर डॉक्टरच!" भाची म्हणाली.

तिचं म्हणणं फार चुकीचं नव्हतं. लिओपोल्ड आऊएनब्रुगर नावाचा ऑस्ट्रियातला एक डॉक्टर होता. त्याचे वडील खानावळ चालवायचे. पिंपात दारू किती उरली, हे पिंप वाजवून ओळखतात, तसं रोग्याच्या छातीवर बोटं वाजवून आत पाणी झालंय का ते ओळखता येईल, असं त्यानं शोधून काढलं आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आमच्या आप्पांच्या माठासारखंच की हे! पुढं १८१६ साली पॅरिसमध्ये रने लॅनेक या डॉक्टरनं कागदाची घट्ट गुंडाळी केली, तिचं एक टोक रोग्याच्या छातीवर टेकवलं आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके त्याला एरवीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. हाच पहिला स्टेथोस्कोप. लाकडाच्या एका टोकाला टाचणीनं खरवडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते मोठ्यानं ऐकू येतं, ही गोष्ट लॅनेकला त्या वेळी आठवली होती. तुम्हीही करून बघा. वर्गातल्या लांब बाकाच्या एका टोकाला कान लावा आणि मित्राला दुसऱ्या टोकाला नखानं हळूच खरवडायला सांगा. हवेतून येतो त्यापेक्षा लाकडातून तो आवाज कितीतरी छान येतो. चाचांच्या स्क्रू ड्रायव्हरची करामतही तीच.

चाचा मग म्हणाले, "टिकटिक मोजता येईल का?" कानानं मोजणं शक्य नव्हतं, फार भराभर होती. भाचीनं माझ्या फोनवर आवाज रेकॉर्ड केला आणि निम्म्या वेगानं वाजवून एकेका टिकेला कागदावर एकेक रेघ मारली. १० सेकंदांत ३३ रेघा! निम्मा वेग म्हणजे खऱ्या ५ सेकंदांत ३३. मिनिटाला किती? करा बघू गणित. ३३ गुणिले १२, म्हणजे ३९६. जवळजवळ ४००.

चाचा खूश झाले. का, ते सांगते. ही गाडी नुसती उभी असताना तिच्या इंजिनाचा दांडा मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतो. इंजिनातल्या प्रत्येक सिलिंडरला चार कामं असतात. हवा आत घ्यायची, ती दाबायची, डिझेल पेटलं की पिस्टन ढकलायचा आणि शेवटी धूर बाहेर टाकायचा. ही चार कामं होईपर्यंत दांड्याचे दोन फेरे होतात. म्हणून धूर सोडणारी झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. ८०० फेऱ्यांत ४०० वेळा! आमची टिकटिकही तेवढीच. म्हणजे सिलिंडर चार असले, तरी खोडी एकाच ठिकाणी होती आणि तिचा संबंध व्हॉल्व्हच्या उघडझापीशी होता.

आता संशयित दोन उरले. एक म्हणजे टॅपेट. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामध्ये मुद्दाम बारीकशी फट ठेवलेली असते. बऱ्याच इंजिनांत ती तुमच्या वहीच्या दोन-चार पानांच्या जाडीएवढीच असते. ती वाढली, की धातूवर धातू आपटून टिकटिक होते. चाचांनी इंजिन बंद करून वरचं झाकण काढलं. पोलादाच्या पातळ पट्ट्यांचं फिलर गेज घालून एकेक फट तपासली. सगळ्या बरोबर!

दादाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आता इंजिन खोलावंच लागणार. चाचा मात्र शांत होते. "एक नाव खोडलं गेलं. चांगलंच झालं ना!" ते म्हणाले.

त्यांनी झाकण बसवलं, इंजिन पुन्हा सुरू केलं आणि एक रबरी नळी घेतली. एक टोक कानाशी धरून दुसरं टोक ते जपून इंजिनाच्या कडेनं फिरवत गेले. धुराचे नळ जिथं इंजिनाला जोडलेले असतात, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तिथं नळी आली आणि चाचांनी झटकन कान मागं घेतला. टॉर्च मारली, तर मॅनिफोल्डच्या सांध्याशी काजळीचा काळा फराटा! एक नट ढिला होऊन मधलं गॅस्केट जळलं होतं. दर वेळी व्हॉल्व्ह उघडला, की दाबाखालचा धूर त्या चिमुकल्या फटीतून फट्‌दिशी बाहेर पडायचा. तीच आमची टिकटिक.

"पण मग गरम झाल्यावर ती थांबायची का?" भाचीनं विचारलं.

त्याचं उत्तर आप्पांनी घरी गेल्यावर दिलं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची असली, की ती आधी लालभडक तापवतात. तापली की फुगते आणि चाकावर बसते. पाणी ओतलं की आवळते आणि घट्ट धरते. मीटरभर लोखंड शंभर अंशांनी तापलं, तर एक मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं. मॅनिफोल्ड तर त्याहूनही जास्त तापतो. तो फुगला की फट आपोआप मिटायची आणि गार झाला की पुन्हा उघडायची.

"म्हणजे तसंच ठेवलं असतं तरी चाललं असतं?" दादानं चाचांना विचारलं होतं. चाचांनी ठाम मान हलवली. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बॉनेटखाली धूर गळत राहिला, तर तो केबिनमध्ये शिरू शकतो. आणि केबिनमध्ये दादाच्या शेजारी कोण बसतं? आमची भाची! आवाज बारीक म्हणून दुखणंही बारीक, असं कधी समजू नये.

नवं गॅस्केट आणि नवा बोल्ट घालून अर्ध्या दिवसात काम झालं. पाटल्या कपाटात परत गेल्या. दादा फारसं काही बोलला नाही. तो बोलतच नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं गाडी सुरू केली आणि टेप काही लावला नाही. कितीतरी वेळ नुसता इंजिन ऐकत बसला होता.

परत येताना भाचीनं मला विचारलं, "आत्या, तो पहिला माणूस खोटं बोलला का गं?"

मी म्हटलं, "तसं म्हणायला आपल्याकडे पुरावा नाही. बेअरिंग खराब झालं तरी इंजिन आवाज करतं, त्यानं तशा गाड्या पाहिल्या असतील. पण त्यानं ऐकलं एक मिनिट. आवाज गरम झाल्यावर थांबतो, हे एका मिनिटात कुणाला कळेल?"

मुलांनो, 'मला अजून माहीत नाही' असं म्हणायला आपल्याला फार लाज वाटते. वर्गात मी प्रश्न विचारते, तेव्हा काही जण उत्तर ठोकून देतात, काही खाली मान घालतात. पण त्या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते. अजून माहीत नाही, पण काय काय नाही हे माहीत आहे. खडा नाही. ऑइल नाही. टॅपेट नाही. असं एकेक नाव खोडत गेलं, की भीतीही कमी होत जाते. चाचांनी इंजिन न खोलता दुखणं शोधलं, ते असंच.

तुमच्या घरातला पंखा, सायकल, शिलाई मशीन असा एखादा अनोळखी आवाज करत असेल, तर लगेच घाबरू नका आणि लगेच पेचकसही घेऊ नका. आधी वही घ्या. आवाज केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, एवढंच चार दिवस लिहा. मग ती वही जाणत्या माणसाकडे न्या. आमच्या भाचीच्या शंभर पानी वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत. परवा तिचं पत्र आलं. विहिरीवरची मोटार हल्ली सुरू होताना गुरगुरते म्हणे, आणि तिनं रेघा मारायला घेतल्या आहेत!