रंग न चढल्याचा पुरावा

शरीर पेशींचे बनलेले आहे, हे विधान शालेय पुस्तकात जितके सहज वाटते तितके ते सूक्ष्मदर्शकापुढे वाटत नाही; तेथे बसले की प्रथम मनात येते ते हे, की या असंख्य पेशी एकमेकींना धरून राहिल्या आहेत तरी कशाच्या बळावर. आतड्याच्या किंवा स्तनातील दुग्धनलिकांच्या अस्तरापुरते या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी ई-कॅडहेरिन या प्रथिनात सापडते. त्याचे पेशीबाहेरील पाच खंड शेजारणीच्या तशाच खंडांशी जुळतात, आणि खंडांच्या सांध्यांत कॅल्शियम असेल तोवरच ते ताठ उभे राहतात. आतील शेपूट कॅटेनिन नामक प्रथिनांच्या हवाली असते.

कॅल्शियमचे हे माहात्म्य क्योटोचे मासातोशी ताकेइची यांना उमगले, ती हकीकत मला फार प्रिय आहे. ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या ज्या पेशी क्योटोत पुन्हा एकत्र येत, त्या बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत येईनात. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे, की तेथील ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम हिरावून घेणारे ईडीटीए मिसळलेले होते, आणि कॅल्शियमचे संरक्षण गेल्यामुळे चिकटण्याचे प्रथिनच ट्रिप्सिनच्या भक्ष्यस्थानी पडत होते. पुढे, कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड निर्माण करण्याची जी युक्ती शोधली, तिच्या आधारे ताकेइचींच्या प्रयोगशाळेत असा प्रतिपिंड सिद्ध झाला, की तो घालताच पेशींची परस्परांवरची पकड सुटे. प्रथिनाची ओळख पटली ती या प्रतिपिंडामुळे.

माझ्या मेजावर तोच धर्म पाळणारा प्रतिपिंड निराळ्या कामगिरीवर येतो. स्तनाच्या गाठीचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेऊन, फॉर्मॅलिनने जखडलेली प्रथिने उष्ण द्रावणात मोकळी करून, त्यावर तो सोडला, की जेथे ई-कॅडहेरिन आहे तेथे पेशीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते, आणि निरोगी नलिका मधाच्या पोळ्याप्रमाणे घराघरांची दिसू लागते. लोब्युलर प्रकारच्या कर्करोगात मात्र सोळाव्या गुणसूत्रावरील सीडीएच-१ हे जनुक बहुधा निकामी झालेले असते. पेशी एकेकट्या, फार तर एकीमागे एक अशा ओळीने, तंतुमय ऊतीतून वाट काढीत जातात, आणि त्यांच्या कडेला रंग चढत नाही. निळी केंद्रके तेवढी दिसतात.

येथे निदान अभावावर उभे आहे, आणि अभावाचा पुरावा फार जपून मान्य करावा लागतो. रंग न चढण्याची कारणे पुष्कळ: शस्त्रक्रियेनंतर स्तन न चिरता अपुऱ्या फॉर्मॅलिनमध्ये तालुक्याच्या गावाहून दोन दिवसांच्या प्रवासाने आला असेल, द्रावण पुरेसे तापले नसेल, प्रतिपिंडाची मुदत संपली असेल. म्हणून त्याच कापात एखादी निरोगी नलिका तपकिरी झाली आहे की नाही, हे मी आधी पाहतो. ती फिकी असेल तर गाठीबद्दल एक अक्षरही लिहीत नाही, ऊतीच्या मेणातील ब्लॉकमधून नवा काप मागवतो. तसेच, प्रतिपिंड प्रथिनाच्या कोणत्या भागाला बिलगतो याची माहिती दफ्तरी हवी. शेपटाला बिलगणारा ‘क्लोन ३६’ हा पी-कॅडहेरिन या भावंडालाही धरतो. अशा प्रतिपिंडाने दाखवलेली रेघ कोणाची, याचा निवाडा नुसत्या डोळ्यांनी व्हायचा नाही.

उलट प्रसंगही येतात. काही लोब्युलर गाठींत प्रथिन पटलावर असते, रंगही घेते, पण जनुकातील दोषामुळे पकड घालू शकत नाही. निव्वळ तपकिरी रेघ पाहून अशा गाठीला डक्टल, म्हणजे पकड शाबूत असलेल्या दुसऱ्या प्रकारची, म्हणण्याची घाई मला घातक वाटते. अशा वेळी मी पी-१२० कॅटेनिनचा रंग मागवतो. शेपटाची जोड तुटलेली असेल तर तो कडेला न राहता पेशीद्रव्यभर विखुरतो. मग अहवालात ई-कॅडहेरिन आढळले, पी-१२० विखुरलेले आहे आणि पेशींची रचना लोब्युलर आहे, ही तिन्ही विधाने मी एकापाठोपाठ लिहितो; कारण हा रोग मॅमोग्राफीत पुष्कळदा लपतो आणि कालांतराने उदरपटल, अंडाशय, जठर अशा आडवळणाच्या जागी प्रकट होतो, तेव्हा पुढे पाच-दहा वर्षांनी त्या बाईच्या जठराचा तुकडा तपासणाऱ्याला ही नोंद सापडली पाहिजे.