टायटनफॉल २, आण्णा आणि बैल

सिनेमा असो की गेम, दुसऱ्या भागाकडून मी फारशा अपेक्षा ठेवत नाही. पहिला चालला म्हणून दुसरा काढायचा, हीरो तोच, व्हिलन जरा जास्त टकला, स्फोट डबल.. झाला पार्ट टू! पण गेले चार-पाच वीकांत मी जो दुसरा भाग खेळतोय त्याने हा नियम पार मोडीत काढला. गेमचं नाव टायटनफॉल २. आणि खेळलो कुठे? तर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नाही, पाटसला. गावच्या घरी, बाहेरच्या खोलीत, लॅपटॉप टीव्हीला जोडून, आण्णांच्या कॉटशेजारी बसून.

गेम जुना आहे, हे आधीच सांगून टाकतो. २८ ऑक्टोबर २०१६ ला आला. त्या दिवशी धनत्रयोदशी होती, पण मुहूर्त काही लाभला नाही. आठवडाभर आधी, २१ तारखेला, बॅटलफील्ड १ आला होता, आणि तोही याच प्रकाशकाचा, म्हणजे ईएचा! पुढच्या आठवड्यात, ४ नोव्हेंबरला, कॉल ऑफ ड्यूटीचा नवा भाग. सोलापूर हायवेवर उसाच्या दोन ट्रकांमध्ये लुना सापडावी तशी याची गत झाली. विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. ज्यांनी खेळला ते मात्र अजून नाव काढतात.

ज्यांना या प्रकारातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे तुम्ही हीरोच्या डोळ्यांनी बघता, समोर फक्त हात आणि बंदूक. एरवी अशा गेममध्ये भिंतीआड लपायचं, डोकं काढायचं, गोळी झाडायची, परत लपायचं. इथे लपून बसलात तर गेलात. भिंतीवरून पळायचं, तिथून उडी, हवेतच अजून एक उडी, समोरच्या भिंतीवर पाय, खाली आलात की घसरत पुढे, आणि हे सगळं करता करता नेम. २०१४ मध्ये आलेल्या पहिल्या भागातही ही पळापळ होती, पण तो सगळा ऑनलाईन मामला. एकट्याने खेळायची नीट गोष्ट आली ती दुसऱ्या भागात.

सुरुवातीला सरावासाठी अडथळ्यांचा एक ट्रॅक आहे. तो तुम्ही किती सेकंदांत पार करता ते बघून गेम तुम्हाला झेपेल अशी पातळी सुचवतो. माझी वेळ बघून त्याने फार अदबीने सोपी पातळी सुचवली :)

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. गाडी आवडली की बॉनेट उघडून बघायची खोड. तर या पळण्यात जी मजा आहे तिचं मूळ १९९६ च्या क्वेकमध्ये आहे. क्वेकच्या कोडमध्ये एक गंमत राहून गेली होती. हवेत असताना तुमचा वेग वाढवायचा की नाही हे ठरवताना कोड तुमचा एकूण वेग बघतच नाही. तुम्ही ज्या दिशेचं बटण दाबलंय त्या दिशेने किती वेग आहे, तेवढंच बघतो. त्यामुळे उडी मारून माऊस हळूहळू वळवत नेला की वेग वाढत जातो. घर्षण लागतं ते जमिनीवर. म्हणून पाय टेकला की लगेच पुढची उडी, म्हणजे कमावलेला वेग वाया जात नाही. क्वेकच्या इंजिनातून हाफ-लाईफचं (१९९८) इंजिन निघालं, त्यातून पुढे सोर्स (२००४), आणि सोर्समध्ये भरपूर बदल करून त्यावर टायटनफॉल उभा राहिला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेल्या ओळींच्या पुण्याईवर जॅक कूपर भिंतीवर पळतोय. ऑफिसात याला आपण लेगसी कोड म्हणतो आणि नाक मुरडतो.

पार्कूरचंही तसंच आहे. पॅरिसजवळच्या लीस गावात डेव्हिड बेल आणि त्याच्या दोस्तांनी ते नावारूपाला आणलं, पण डेव्हिडला ते मिळालं त्याच्या बापाकडून. रेमंड बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होता.

आमच्याकडचं पार्कूर म्हणजे विहीर. आण्णा त्यांच्या काळी थारोळ्यावरून पळत येऊन विहिरीत मुटका मारायचे, आणि पाणी कमी असलं की दगडी पायऱ्यांवरून दोन-दोन टप्पे सोडत उतरायचे. हे मी ऐकलंय, बघितलेलं नाही. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. त्यामुळे दिवसभर कॉटवर, आणि मी आलो की टीव्हीवर जे असेल ते. पहिल्या शनिवारी त्यांनी दहा मिनिटं निमूट बघितलं आणि विचारलं,

"कुठं चाललाय ह्यो एवढा पळत?"

"मोहिमेवर चाललाय, आण्णा. थांबला की गोळी लागते."

"आन् घरी कवा जायचा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कथेतही नाही.

कथा तशी साधी. जॅक कूपर हा साधा शिपाई, वर्ग तिसरा. त्याला पायलट व्हायचंय. पायलट म्हणजे टायटन नावाचा दुमजली घराएवढा यंत्रमानव चालवणारा. कॅप्टन लास्टिमोसा त्याला फावल्या वेळात शिकवत असतो. पहिल्याच लढाईत कॅप्टन मरतो आणि मरताना आपला टायटन, बीटी-७२७४, या कच्च्या पोराच्या हाती सोपवतो. बीटीचे तीन नियम. एक, पायलटशी जोडून घ्यायचं. दोन, मोहीम पुरी करायची. तीन, पायलटला जपायचं.

गेममधला विनोद आहे तो या बीटीमुळे. त्याला टोमणा म्हणून कळत नाही. बोलताना तुम्हाला उत्तराचे दोन पर्याय येतात, त्यातला एक सरळ आणि एक खवचट. मी नेहमी खवचट निवडायचो. बीटी त्याचा शब्दशः अर्थ लावून अत्यंत गंभीरपणे उत्तर देतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी कम्पायलरशी भांडण केलंय त्याला हा संवाद घरचाच वाटेल. एका ठिकाणी पलीकडे जायला रस्ता नसतो. बीटी गणित मांडतो, कूपरला मुठीत उचलतो, माझ्यावर विश्वास ठेव म्हणतो आणि देतो भिरकावून! आण्णा खो खो हसले. "आयला, कडब्याची पेंढी फेकावी तसं फेकलं की!"

आणि मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "बैल हाय त्यो."

मी म्हटलं, आण्णा, मशीन आहे ते. तर म्हणाले, "असंल. पर बैलच. धनी गेल्याव बैल दुसऱ्याच्या हाताला लगीच लागत न्हाई."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पस्तिशी गाठेपर्यंत कधी ऐकलेलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हा आण्णा एकोणीस वर्षांचे. दिवस झाले, पेरणी तोंडावर आली, पण बैल काही औताला चालेना. मारून बघितलं, चुचकारून बघितलं, बैल जागचा हलेना. शेवटी कोणी न सांगता आण्णांनी आजोबांची घोंगडी खांद्यावर टाकली आणि त्याच्याजवळ गेले. त्याने हुंगलं. बराच वेळ हुंगलं. आणि मग मान खाली घातली.

कूपरच्या डोक्यावर कॅप्टनचंच हेल्मेट असतं, आणि पाठीवर त्याचंच उड्या मारायचं किट. हे मी आण्णांना सांगितलेलं नव्हतं.

या गेममधली एक लेव्हल लोक अजून आठवतात. तुमच्या मनगटावर एक यंत्र असतं. बटण दाबलं की तुम्ही त्याच जागी, पण मागच्या काळात. आत्ताच्या काळात इमारत पडीक, जळकी. मागच्या काळात दिवे लागलेले, माणसं कामावर. पुढे जायचं तर या काळातल्या भिंतीवरून उडी मारायची, हवेत असताना बटण दाबायचं आणि त्या काळातल्या भिंतीवर पाय टेकायचा. आण्णांना ही लेव्हल समजावून सांगावी लागली नाही. ते दिवसभर तेच करतात. खिडकीतून हायवे दिसतो. मी बघतो तो ट्रक, कंटेनर, टोलनाक्याकडे चाललेल्या गाड्या. ते बटण दाबतात आणि तिथे बैलगाड्या असतात, चिंचेची सावली असते. दोन्ही काळांत सारखं काय, तर आषाढ. वरवंडचा मुक्काम हलवून तुकोबांची पालखी पाटसला येते आणि रोटी घाटाकडे वळते, त्याच पायांच्या चालीने.

त्या हायवेलगत आमचे चाळीस गुंठे आहेत. सध्या चुलतभावाला वाट्याने दिलेत. दर दोन-तीन महिन्यांनी एक एजंट पांढऱ्या गाडीतून येतो, चहा पितो आणि एक आकडा सांगून जातो. दर वेळी आकडा मोठा असतो. त्या आकड्यात पुण्यातल्या फ्लॅटचं सगळं कर्ज फिटून वर उरेल. आण्णा एजंटसमोर काही बोलत नाहीत. तो गेल्यावर एवढंच म्हणतात, "आता तुझ्या हातात हाय."

बैल विकले तेव्हा मी दुसरीत होतो. मला औत धरता येत नाही. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर मीच बसवला, पण पाणी कुठल्या सरीतून कुठे न्यायचं ते मला माहीत नव्हतं.

ज्यांना गेम खेळायचाय त्यांनी इथून पुढचा परिच्छेद सोडा. शेवटी बीटी पहिल्यासारखंच, विश्वास ठेव म्हणून, कूपरला स्वतःमधून बाहेर भिरकावतो आणि स्वतः संपतो. नियम तिसरा, पायलटला जपायचं. मी तो शेवट आण्णांसमोर खेळलो. ते गप्प होते. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "मग त्या पोराचं काय झालं?" म्हटलं, त्याला पायलट केलं, पक्का. तर म्हणाले, "मंजी बैल ग्येला, पर हात तयार झाला." आणि पाण्याचा तांब्या मागितला.

टायटनफॉलचा तिसरा भाग अजून आलेला नाही. २०१९ मध्ये त्याच कंपनीने, म्हणजे रिस्पॉनने, त्याच विश्वातला एपेक्स लेजंड्स काढला. तो तुफान चालला, पण त्यात टायटन नाहीत आणि भिंतीवर पळणंही नाही. ज्याला खपतं ते विकायचं असतं, त्यात कोणाला दोष द्यायचा? दुसरा भाग मात्र सेलमध्ये कधी कधी एका पिझ्झ्यापेक्षा स्वस्त मिळतो. कथा पाच-सहा तासांची. एका वीकांतात बसेल. घ्याच.

चाळीस गुंठ्यांचं काय, ते अजून ठरलेलं नाही. एजंटला दिवाळीनंतर बघू म्हणून सांगितलंय. पण गेल्या तीन शनिवारपासून एक नवीन उद्योग लागलाय. शेतीची थ्री फेज या आठवड्यात रात्री आहे. लाईट आली की मी आण्णांची बॅटरी आणि त्यांचे गमबूट घालून उसात जातो, आणि ते कॉटवरून फोनवर सांगतात, "आता दुसऱ्या सरीचं दारं फोड. पयलं बुजव आधी, येड्या!" बूट एक नंबर मोठे आहेत. चिखलात रुततात, वेग शून्य, घर्षणच घर्षण. परवा पहिल्यांदाच अर्ध्या तासात त्यांना काही सांगावं लागलं नाही. मला वाटलं फोन कट झाला. नव्हता झाला.

असो. बारा वाजले, मोटारीचा आवाज यायला लागला. दारं धरायला जायचंय, उरलेलं पुढच्या वीकांताला.