कात्रणाची मागची बाजू

मुलांनो, चिकटवही माहीत आहे ना? शाळेच्या प्रकल्पासाठी करता ती नव्हे हं! मार्कांसाठी नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही, निव्वळ हौसेनं केलेली. चित्र आवडलं की कापायचं, खळ लावायची आणि वहीत चिकटवून टाकायचं. बस्स!

आमच्या लहानपणी अशा वह्या घरोघरी असत. माझीही होती. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत बार्शीला माहेरी गेले, तेव्हा आईनं माळा आवरायला काढला होता. त्यात सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा निघाला. 'चांदोबा', 'किशोर' आणि 'चंपक'चे अंक, वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्या, एक स्लॅमबुक आणि माझी दोनशे पानी चिकटवही! सन २००० आणि २००१ मधली. तेव्हा मी सहावीत होते. आता मी स्वतःच प्राथमिक शाळेत शिकवते. म्हणजे बघा, मधे पंचवीस वर्षं गेली.

सन २००० चा थाट काय सांगू तुम्हांला! जिकडे तिकडे 'नवं सहस्रक, नवं सहस्रक' असा गजर. त्यातच जगातले संगणक बंद पडणार अशी आवई उठली होती. का? तर जुन्या संगणकांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. ९९ नंतर ०० आलं, की ते २००० समजायचं की १९००? जगभरच्या तंत्रज्ञांनी आधीपासून खपून दुरुस्त्या केल्या, त्यामुळे फारसं काही बिघडलं नाही. आमच्या गुरुजींनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. म्हणाले, "अरे, इसवी सनात शून्य साल नाहीच! सन १ पासून मोजा. दोन हजार वर्षं पुरी कधी होतात? ३१ डिसेंबर २००० ला. मग नवं सहस्रक १ जानेवारी २००१ ला सुरू होणार!" आम्ही खूश. एकाच गोष्टीचा आनंद दोनदा साजरा करायला मिळाला ना!

त्या वर्षी १४ जानेवारीला 'कहो ना प्यार है' आला आणि हृतिक रोशन रातोरात सगळ्यांचा लाडका झाला. ३ जुलैपासून टीव्हीवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं. रात्री नऊ वाजता रस्ते ओस! त्याच ऑक्टोबरमध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले, आणि आमच्या गल्लीत सामान्यज्ञानाच्या पुस्तकांना एकदम भाव आला. पुढच्याच वर्षी लहान मुलांच्या 'केबीसी'त रवी मोहन सैनी या चौदा वर्षांच्या मुलानं सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. पुढे तो आयपीएस अधिकारी झाला. रविवारी 'शक्तिमान' असायचा. तो संपला की गल्लीतली सगळी पोरं एक हात वर करून गरगर फिरायची, आणि चक्कर येऊन धपाधप पडायची!

तेव्हा खिशात फोन नव्हते. आवडत्या माणसाचं चित्र हवं असेल तर ते कागदावरच मिळायचं. त्यामुळे कागदाला भारी किंमत. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अंक यायचे. एक अंक चार घरांत फिरायचा. पण कापायचा हक्क फक्त पैसे देणाऱ्याचा! त्यातही 'चांदोबा' आणि 'किशोर' कापायला सक्त बंदी. कारण विक्रम-वेताळाचं चित्र कापलं की पानामागची गोष्ट तुटायची. ('चांदोबा'तले ते विक्रम-वेताळ शंकर नावाचे चित्रकार काढायचे. १९५२ पासून ते तिथं होते.) पुरव्यांचं तसं नव्हतं. त्या रद्दीतच जायच्या. म्हणून चिकटवही भरायची ती पुरवण्यांनी.

तर त्या दुपारी मी वही घेऊन बसले आणि शिक्षिकेच्या सवयीनं मोजदाद केली. एकूण ६४ कात्रणं. क्रिकेटपटू २७, सिनेमातले नट-नट्या २२, सौंदर्यस्पर्धांच्या विजेत्या ९ आणि कार्टून ६. क्रिकेटच्या पानांवर मार्च २००१ ची कोलकात्याची कसोटी मोठ्या दिमाखात बसली होती. फॉलोऑन मिळाल्यावर लक्ष्मणच्या २८१ आणि द्रविडच्या १८० धावा, दोघांची ३७६ ची भागीदारी, आणि हरत आलेला सामना आपण जिंकलेला! पुढच्या पानांवर लारा दत्ता, प्रियांका चोप्रा आणि दिया मिर्झा. २००० या एकाच वर्षात तिघींनी तीन मोठे मुकुट जिंकले होते. पानं उलटताना मला खरंच मजा वाटत होती. तो आनंद खोटा नव्हता. आजही नाही.

इतक्यात हृतिकचं एक कात्रण गळून खाली पडलं. पंचवीस वर्षांत खळ सुकून गेली होती. चेहऱ्याभोवती गोल कापलेलं ते कात्रण उलटं पडलं, आणि मागच्या बाजूला मला दोन हात दिसले. बाईचे हात. वर आडवी लोखंडी दांडी आणि एका टोकाला वजनाची भली मोठी चकती. डोकं नव्हतं, ते कापताना गेलं होतं. खाली बातमीचे अर्धेमुर्धे शब्द उरले होते : 'सिडनी', 'कांस्य', 'मल्लेश्वरी'.

ओळखलंत? कर्णम मल्लेश्वरी! १९ सप्टेंबर २००० रोजी सिडनी ऑलिंपिकमध्ये ६९ किलो वजनी गटात तिनं कांस्यपदक जिंकलं. बायकांचं वजन उचलणं ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा आलं होतं. तिनं एका प्रकारात ११० आणि दुसऱ्या प्रकारात १३० किलो उचलले. १३० किलो म्हणजे किती? सिमेंटच्या ५० किलोंच्या दोन गोण्या आणि वर आणखी ३० किलो, आणि हे सगळं डोक्यावर हात ताठ करून! ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. सिडनीत भारताला मिळालेलं ते एकुलतं एक पदक.

आणि माझ्या ६४ कात्रणांत ती कुठं होती? हृतिकच्या पाठीमागे, डोक्याविना.

मग मला शोधायचा नादच लागला. त्याच सिडनीत मुंबईची अंजली वेदपाठक (पुढे ती अंजली भागवत झाली) नेमबाजीच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. वहीत नाही. त्याआधी डिसेंबर १९९७ मध्ये महिलांच्या क्रिकेटचा विश्वचषक आपल्याच देशात झाला होता. त्यात ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कनं मुंबईत नाबाद २२९ धावा काढल्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं ते पहिलं द्विशतक. सचिनचं द्विशतक झालं २०१० मध्ये! आमच्या घरी क्रिकेटचं इतकं वेड, पण हे नाव मी मोठेपणी ऐकलं.

यात आम्हा मुलांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बारा वर्षांची मुलगी समोर जे मोठं आणि रंगीत छापून येईल तेच कापणार. पण एक विचार मात्र मनातून जाईना. मोठं काय छापायचं, लहान काय छापायचं, हे कोण ठरवत होतं? आणि रोज तेच बघून आमच्या मनात काय चिकटत होतं?

याचं उत्तर स्लॅमबुकात सापडलं. स्लॅमबुक म्हणजे मैत्रिणींकडून भरून घ्यायची वही. आवडता हिरो, आवडता पदार्थ, मोठेपणी कोण होणार, असे प्रश्न. पहिलं पान वहीच्या मालकिणीनं स्वतः भरायचं. त्यात एक प्रश्न होता : 'स्वतःमधली न आवडणारी गोष्ट?' माझ्या गोल गोल अक्षरात उत्तर होतं : 'माझा रंग.'

मी सावळी आहे. तशीच आई, तशीच आजी. घरात कुणी मला कधी हिणवलं नाही. आजी तर म्हणायची, "आपला विठोबा काळाच आहे की गं!" मग ते उत्तर आलं कुठून? पानं उलटत गेले. बारा मैत्रिणींपैकी पाचजणींनी तेच लिहिलं होतं.

तेव्हा टीव्हीवर आणि मासिकांत गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती असायच्या. गोष्ट ठरलेली. सावळी मुलगी उदास बसलेली. मग ती क्रीम लावते, गोरी होते, आणि लगेच तिला नोकरी मिळते, नाहीतर नवरा! खरं तर कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपल्याला सांभाळतं. म्हणजे ती अंगावरची छत्रीच! पण हे आम्हांला विज्ञानाच्या पुस्तकात खूप पुढे भेटलं. जाहिरात रोज भेटत होती. २०२० मध्ये अशाच एका प्रसिद्ध क्रीमनं आपल्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. वाचून बरं वाटलं.

पण थांबा. सुट्टी संपून शाळा सुरू झाली. आमच्या चौथीच्या वर्गाचा फोटो काढत होते. एक चुणचुणीत मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, फिल्टर लावा ना. त्यात मी छान दिसते."

"छान म्हणजे कशी गं?"

"गोरी!"

नऊ वर्षांची पोर! माझ्या पोटात खड्डाच पडला. क्रीमचं नाव बदललं, पण स्लॅमबुकातलं उत्तर तेच राहिलं की.

म्हणून तुम्हांला हे सगळं सांगतेय. 'आमच्या वेळी सगळं चांगलं होतं आणि तुमचं रील वाईट,' असं मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या वेळच्या मोठ्यांनाही हृतिकचे फोटो म्हणजे थेरंच वाटायची! पण एक फरक आहे. आमच्या कागदाला मागची बाजू होती. पुढे कुणीही असो, पान उलटलं की अवचित दुसरंच काही दिसायचं. फोनला तशी मागची बाजू नसते. तुम्ही कशापाशी थांबता, काय दोनदा बघता, हे तो टिपून ठेवतो आणि त्याच जातीचं आणखी पुढे करतो. गोरं दाखवणारा एक फिल्टर बघितलात, की आणखी दहा हजर! तेव्हा मागची बाजू आता आपली आपणच शोधायला हवी.

आम्ही वर्गात एक खेळ केला. चार गट पाडले. प्रत्येक गटाला एकेक जुनी पुरवणी दिली आणि सांगितलं, चित्रं मोजा. पुरुष किती, बाया किती? त्या काय करताना दिसतात? आपल्यासारखी माणसं किती? पोरं अगदी रंगून गेली. एका गटाला सात बायांपैकी एकच काम करताना सापडली, बाकीच्या नुसत्या हसत उभ्या. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, आमच्या घरासारखं घर एकाबी चित्रात नाही." त्याच्या घरावर पत्रे आहेत.

मग मी ते गोल कात्रण दाखवलं. "बाई, हिला डोकंच नाही!" सगळे खो खो हसले. दुसऱ्या दिवशी मी मल्लेश्वरीचा पूर्ण फोटो छापून नेला आणि सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब फळ्यावर मांडला. ती फिल्टरवाली मुलगी फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. तोंडावरून घाम, फुगलेले गाल, हात ताठ. मग म्हणाली, "बाई, मला किती किलो उचलंल?" तिला काय पटलं, काय नाही, मला माहीत नाही. पण प्रश्न बदलला होता, एवढं खरं.

तुम्हीही एक चिकटवही करा. आवडता क्रिकेटपटू लावा, आवडती नटी लावा, खुशाल लावा. पण दर चार पानांनंतर एक पान असं ठेवा, की त्यावरचं माणूस तुम्ही स्वतः शोधलेलं असेल. ज्याचं चित्र कुणी मोठं छापत नाही असं. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. ते चाळा. घरच्या ट्रंकेत शोधा. आजीला विचारा. आणि कुठलंही कात्रण चिकटवण्याआधी एकदा उलटून बघा.

खळ घरीच होते. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. मोठ्या माणसाला जवळ घेऊन मंद आचेवर ढवळत शिजवा. दाट आणि चकचकीत झाली की उतरवून गार करा. पुस्तक बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तुम्ही मात्र घालू नका, ते विषारी असतं. लागेल तेवढीच खळ करा आणि दोन दिवसांत संपवा.

आणि हो, कात्री आईला विचारूनच घ्या. शिलाईची असेल तर मुळीच मिळणार नाही!