खुंटीवरचा पट्टा

आमच्या नागापूरच्या घरीं दाराशेजारच्या खुंटीला घुंगरूं लावलेला एक कातडी पट्टा दोन महिने लटकत होता. त्याच्याखालीं कोपऱ्यांत एक जर्मनची थाळी आणि जुन्या लुगड्यांची गोधडी. या सर्व इस्टेटीचा धनी मोती हा आमचा कुत्रा तेरा वर्षें आमच्याकडे राहून आषाढांत वारला, आणि या तीन वस्तूंचें काय करावें हा प्रश्न आमच्यावर येऊन पडला. तीस वर्षें कॉलेजांत दुसऱ्यांच्या शंकांचें समाधान करीत आलों. पण या एका शंकेपुढें आमची मति चालेना.

माणूस गेलें म्हणजे मागच्यांना फारसा विचार करावा लागत नाहीं. दहावा, तेरावा ठरलेले असतात. कपडे, अंथरूण, छत्री, जोडे यांचें काय करावयाचें हें रूढीनें सांगून ठेवलें आहे. शोकाला वाट काढून देणारे हे पाट आहेत. मुक्या जनावरासाठीं असा पाट आमच्याकडे कोणीं काढलेला नाहीं. नाहीं म्हणावयास, नगर-कल्याण रस्त्यावर आळे येथें ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधि आहे. पण समाधीनें देहाची सोय होते, दाव्याची होत नाहीं. हिरॉडोटस सांगतो कीं, प्राचीन मिसरांत घरचें मांजर मेलें तर माणसें भुवया काढीत, आणि कुत्रें मेलें तर सर्वांगाचें क्षौर करीत. त्यांत एक शहाणपण दिसतें : भुवया पुन्हां उगवतात, आणि सुतक आपोआप फिटतें. खुंटीवरचा पट्टा मात्र आपण होऊन कोठें जात नाहीं.

आमचा कल अर्थातच जतन करण्याकडे. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्यास दाखला सांपडावयास उशीर लागत नाहीं. धन्याच्या थडग्यापाशीं वर्षानुवर्षें बसून राहिला म्हणून ख्याति पावलेला एडिंबरोचा बॉबी १८७२ मध्यें मेला. नगराध्यक्ष विल्यम चेंबर्स यांनीं १८६७ मध्यें त्याला दिलेला पट्टा त्या शहराच्या संग्रहालयांत अजून आहे, आणि त्याची थाळीही आहे. "स्कॉच लोकांनीं सांभाळलें, तें आम्हीं कां टाकावें?" असें आम्हीं सौभाग्यवतींना विचारलें. त्या शांतपणें म्हणाल्या, "अहो, संग्रहालयांत रात्रीं कोणी निजत नाहीं. वारा आला कीं तें घुंगरूं वाजतें, आणि मी दार उघडायला उठते. दोन महिने उठते आहे."

आम्ही ओशाळलों. वस्तू घरांतून काढा असा लकडा त्यांनीं लावला होता, तेव्हां त्यांचें मन आमच्याइतकें हळवें नाहीं असा आमचा समज होता. आमचें दुःख खुंटीला टांगून आम्ही स्वस्थ झोंपत होतों. त्याची राखण त्या करीत होत्या.

चारच दिवसांनीं पोळा आला. नागापूर हें सीनाकाठचें गांव. औद्योगिक वसाहतीनें त्याचीं बरीच शेतें गिळलीं, तरी कांहीं घरीं अजून बैल आहेत. शेजारच्या शेतकऱ्याचा म्हातारा बैल उन्हाळ्यांत गेला होता. त्याची घुंगुरमाळ नव्या खोंडाच्या गळ्यांत दिसली. "जुन्याची आठवण येत नाहीं का?" आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "येती की सर. म्हणून तर घातली. खुंटीला ठिवली असती तर गंजली असती."

त्या संध्याकाळीं आमचा निर्णय झाला. गोधडी गल्लींतील व्यालेल्या कुत्रीला दिली; थाळी पाण्यानें भरून लिंबाखालीं ठेवली. शेजाऱ्याकडे कुत्र्याचें नवें पिलूं आलें होतें, म्हणून पट्टा घेऊन आम्ही उभयतां तिकडे गेलों. पिलाच्या गळ्याला तो फार सैल झाला, तेव्हां शेजाऱ्यानें आरीनें अलीकडे एक नवें भोंक पाडलें. मोतीच्या गळ्याचें, झिजून रुंद झालेलें भोंक तसेंच पुढें रिकामें राहिलें. सौभाग्यवतींनीं त्यावर बोट ठेवलें आणि म्हटलें, "दिवाळीपर्यंत येईल इथवर."

परवां रात्रीं घुंगरूं वाजलें. आम्ही दोघेंही जागीं झालों. पण दार उघडावयास कोणी उठलें नाहीं.