१२ जानेवारीची मुलं

ग्रँड आयलंड मागे टाकून उत्तरेला लागलं की नेब्रास्काचा सपाट मुलूख हळूहळू उंचसखल होऊ लागतो. कापणी झालेली मक्याची शेतं, मधूनच एखादं कोठार, आणि बराच वेळ माणूस म्हणून नजरेस पडत नाही. नॉर्थ लूप नदीकाठी ऑर्ड लागतं. गावाच्या दक्षिणेला मायरा व्हॅली. मी इथवर आले ती एका दिवसासाठी : १२ जानेवारी १८८८.

त्या गुरुवारी सकाळी थंडीने अचानक उसंत दिली. अनेक मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली, घरात कोंडलेले शेतकरी गुरं घेऊन बाहेर पडले. तेवढ्यात उत्तरेकडून ध्रुवीय हवेचा लोंढा खाली उतरला. पूर्व नेब्रास्कात वादळ पोचलं ते दुपारी, पुष्कळ ठिकाणी नेमकं शाळा सुटायच्या सुमारास. बर्फ पिठासारखा बारीक होता. तो नाकातोंडात जायचा, कपड्यांच्या शिवणींतून आत शिरायचा. पापण्या गोठून चिकटायच्या. हवामानाचे अंदाज तेव्हा सैन्याचा सिग्नल कोअर विभाग द्यायचा. थंडीच्या लाटेचा इशारा तारेने निघाला, पण उशिरा. आणि तारघरापासून कोसभर लांबच्या वस्तीवर तो पोचवणार तरी कोण? सुमारे २३५ माणसं दगावली असं मानतात. त्यांत शाळकरी मुलं इतकी होती की हे वादळ आजही मुलांच्या नावाने ओळखलं जातं.

मायरा व्हॅलीतली शाळा मातीची होती. गवताच्या मुळ्यांनी घट्ट धरलेले मातीचे ठोकळे कापून भिंती रचायच्या, कारण त्या माळावर झाडंच नव्हती. वाऱ्याने छप्पर उडवलं, तेव्हा मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने मुलांना बाहेर काढलं आणि त्या आंधळ्या वादळातून एका शेतघरापर्यंत नेलं. तिची सगळी मुलं वाचली. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं, तिच्यावर गाणंही निघालं. मुलांना तिने एका दोराने बांधून नेलं, ही हकिकत तेव्हापासून घरोघर सांगितली जाऊ लागली.

ऑर्डहून ईशान्येला प्लेनव्ह्यूकडे गेलं की दुसरी हकिकत भेटते. इथल्या शाळेत लोइस रॉइस ही शिक्षिका तीन मुलांना घेऊन अडकली होती. दुपारी तीनच्या सुमारास सरपण संपलं. तिचं राहतं घर अगदी हाकेच्या अंतरावर, म्हणून ती मुलांना घेऊन निघाली आणि वाट चुकली. नऊ-नऊ वर्षांचे दोन मुलगे आणि सहा वर्षांची मुलगी, तिघंही उघड्यावर गारठून गेली. लोइस जगली, पण तिचे पाय कापावे लागले. गाडीतून उतरून रस्त्याकडेने तेवढं अंतर मी चालून पाहिलं. स्वच्छ उन्हात ते सुरू होतं न होतं तोच संपलं. लोइसचा निर्णय चुकला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. विझलेल्या शेगडीजवळ तीन लेकरं घेऊन दुसरं कुणी काय केलं असतं?

लिंकन शहरातल्या विधानभवनात १९६७ साली जीन रेनल या कलावतीने केलेलं या वादळाचं भित्तिचित्र आहे. काचेच्या तुकड्यांचा गोठलेला गदारोळ, त्यातून वाट काढणारी शिक्षिका आणि मुलं. त्यापुढे मी बराच वेळ उभी होते. पण त्या दिवसाचं खरं स्मारक मला वाटतं ते एक पुस्तक. १९४०मध्ये वादळातून वाचलेल्यांनी याच शहरात एक मंडळ स्थापलं. तेव्हाची शाळकरी पोरं आता साठी-सत्तरीत पोचली होती. त्यांनी एकमेकांच्या आठवणी गोळा केल्या, आणि १९४७ साली त्या पुस्तकरूपाने छापल्या. कुणाला वादळापूर्वीची ती फसवी ऊब आठवते, कुणाला वाऱ्याची गर्जना, कुणाला रात्रभर शाळेतच बसवून ठेवणाऱ्या बाई.

आणि दोर? मिनी फ्रीमनच्या एका विद्यार्थ्याने पुढे सांगितलं की दोर नव्हताच. मला त्याचं म्हणणं पटतं. दोराशिवाय, नुसत्या हाकांवर आणि एकमेकांच्या हातांवर भिस्त ठेवून ती पोरं त्या घरापर्यंत पोचली असतील, तर मिनीचं काम वर्तमानपत्रांनी सांगितलं त्याहून कितीतरी अवघड होतं.