सहा नृत्ये, सात नावे

शोक म्हटला की आपण साहित्याचे विद्यार्थी विलापिकेकडे वळतो, आणि विलापिकेत बोलणारा 'मी' गहिवरलेला असणार हे गृहीत धरतो. मोरिस राव्हेलच्या 'ल तोंबो द कूपरँ' या एकल पियानोसाठी लिहिलेल्या रचनेकडे आम्ही पुनःपुन्हा परततो, ते हे गृहीतक तेथे टिकत नाही म्हणून. 'तोंबो' म्हणजे थडगे. सतराव्या शतकातील फ्रेंच संगीतकार दिवंगत गुरूच्या वा स्नेह्याच्या स्मरणार्थ केलेल्या वाद्यरचनेस हे नाव देत. राव्हेलने १९१४ ते १९१७ या काळात ती जुनी प्रथा उचलली आणि फ्रांस्वा कूपरँच्या (१६६८–१७३३) काळातील नृत्यमालेच्या घाटात सहा भाग रचले: प्रेल्यूड, फ्यूग, फोर्लान, रिगोदों, मिन्युएट आणि टोकाटा. नवअभिजातवाद ही संज्ञा संगीतसमीक्षेत रूढ होण्याच्या आधीची ही नवअभिजात कृती.

यातला प्रत्येक भाग पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या परिचितांना अर्पण केलेला आहे. भाग सहा, नावे सात. कारण रिगोदों दोन गोदँ बंधूंच्या नावे आहे, आणि ते दोघे १९१४ च्या नोव्हेंबरात एकाच तोफगोळ्याने गेले. आता हा रिगोदों ऐकावा. सी मेजरमधली ठसकेबाज सुरुवात, पाय आपोआप ठेका धरतील अशी चाल; मधे काही क्षण सावली येते, आणि पुन्हा तोच उल्हास. ख्यालाच्या मैफलींवर वाढलेल्या आमच्या कानांना हे प्रथम खटकले. करुण म्हणून आम्ही ज्या जागांची वाट पाहत होतो, त्यांपैकी येथे एकही नव्हती. पियानोला मींड नाही हे खरे, पण अडचण तेवढीच नव्हती.

आमचा एक सहाध्यापक मित्र गेला तेव्हा त्याच्यावर चार परिच्छेद लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. मृत्युलेखाची भाषा किती तयार असते! 'पोकळी', 'अपूरणीय', 'चटका' हे शब्द न बोलावता येतात, आणि ज्याच्याविषयी लिहायचे तो माणूस त्यांच्याआड नाहीसा होतो. अखेर आम्ही त्याच्या वर्गातील एका तासाचे नेमके वर्णन तेवढे लिहिले, शोकाविषयी अवाक्षर काढले नाही. त्या दिवसांत राव्हेलची ही रचना आम्हांस अधिक ऐकू येऊ लागली.

समीक्षेच्या विद्यार्थ्याने येथे आक्षेप घ्यावा, आणि तो रास्तच आहे. राव्हेलच्या मनात १९१४ साली होती ती केवळ एक फ्रेंच नृत्यमाला; अर्पणपत्रिका पुढे आली. मग शोक स्वरांत आहे, की ती नावे वाचून आपण तो स्वरांत ओततो? आमचे उत्तर मिन्युएटमध्ये आहे. राव्हेल १९१६ साली वेर्दँच्या परिसरात लष्करी ट्रक चालवत होता. १९१७ च्या जानेवारीत त्याची आई गेली. सैन्यातून मोकळा झाल्यावर ज्या ड्रेफ्यूस कुटुंबाच्या घरी राहून त्याने ही रचना पुरी केली, त्याच घरातील झाँ ड्रेफ्यूसच्या स्मृतीस हा भाग वाहिलेला आहे. आरंभीची चाल सौम्य, शिष्टाचार पाळणारी. मधल्या 'म्यूझेत'मध्ये मात्र खालच्या स्थिर स्वरावर जाड, समांतर स्वरसंघ हलक्या आवाजात सरकू लागतात, हळूहळू चढतात आणि एकदाच भरून येतात. त्यानंतर मूळ चाल परतते, पण एकटी नाही: तिच्याखाली म्यूझेतचे तेच स्वरसंघ चालू राहतात. वर नृत्य, खाली ते. अर्पणपत्रिका फाडून टाकली तरी हे ऐकू येईल असे आम्हांस वाटते. हे संहितेतच आहे.

'फ्रेंच' या शब्दाविषयी थोडे. युद्धकाळात जर्मन आणि ऑस्ट्रियन संगीतकारांच्या कृतींना फ्रान्समध्ये बंदी असावी म्हणून एक संघटना उभी राहिली. परकीय समकालीनांकडे पाठ फिरवणे फ्रेंच संगीतालाच घातक ठरेल, असे सांगून राव्हेलने १९१६ साली तिच्यात सामील होण्यास नकार दिला. त्याच्या या फ्रेंच थडग्यात फोर्लान हे मुळातले उत्तर इटलीतील नृत्य आहे, आणि फ्यूग म्हटले की कोणालाही आठवतो तो बाखच. पूर्वजांकडे जाणे म्हणजे शेजाऱ्यास हाकलणे नव्हे, एवढे भान आपल्याकडच्या परंपराप्रेमींनाही असते तर! असो.

१९१९ साली राव्हेलने यातील चार भागांचे वाद्यवृंदासाठी रूपांतर केले. ते देखणे आहे, अधिक लोकप्रियही असेल. परंतु त्यात फ्यूग नाही आणि टोकाटा नाही. टोकाटा जोझेफ द मार्लियाव्ह या संगीतअभ्यासकाच्या स्मृतीस आहे. तो १९१४ च्या ऑगस्टमध्ये, युद्धाच्या पहिल्याच महिन्यात मारला गेला. ११ एप्रिल १९१९ रोजी पॅरिसमध्ये ही संपूर्ण रचना प्रथम वाजवली ती त्याची पत्नी मार्गरीत लाँग हिने. टोकाटामध्ये एकच स्वर अतिशय वेगाने पुनःपुन्हा आघातावा लागतो. बोटांना विसावा नाही, आणि लक्ष तसूभर ढळले तर वीण उसवते. पतीच्या नावाचा तो भाग तिला त्या संध्याकाळी सर्वांत शेवटी वाजवायचा होता.