दर्शनाला आलेले आणि पाहायला आलेले

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांच्या मुलखात मराठी बोलताना एक बारीक भेद नकळत पाळला जातो. जामसावळीच्या मारुतीला माणसे ‘दर्शनाला’ जातात; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवरची गोटमार मात्र ‘पाहायला’ जातात. वस्तुतः गोटमारीच्या मुळाशीही देवीच आहे. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवावयाचे, ते मिळविण्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांनी दोन तीरांवरून दगडांनी झुंजावयाचे, आणि अखेर ते झाड चंडीमातेला अर्पण करावयाचे, अशी ही रीत. परंतु त्या दिवशी नदीकाठी लोटणाऱ्या अफाट गर्दीपैकी किती जण देवीच्या पायरीपर्यंत पोहोचत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. लोक दगड पाहतात, रक्त पाहतात आणि घरी जातात.

जामसावळीची गोष्ट वेगळी. सौंसरजवळच्या या लहानशा गावी पिंपळाखाली मारुतीची निजलेली मूर्ती आहे. मनाने आजारी झालेल्या माणसांना घेऊन त्यांचे नातेवाईक तेथे येतात आणि दिवसच्या दिवस मुक्काम करतात. या श्रद्धेविषयी आमचे मत काहीही असो. आपल्या आजारी भावाचा हात धरून बसलेली बहीण कोणत्याही देवळात दिसली, तरी तिच्याजवळून पायांचा आवाज न करता जावे, एवढे आम्हांला कळते. आता याच ठिकाणी ‘हनुमान लोक’ उभारण्याचे शासनाने योजिले आहे. उज्जैनचे ‘महाकाल लोक’ ११ ऑक्टोबर २०२२ रोजी खुले झाले. त्याच धर्तीवरील या कामाचे भूमिपूजन २४ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. योजना तीनशे कोटी रुपयांहून अधिक खर्चाची म्हणून जाहीर झाली. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हाही अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याला कीर्ती हवी, संत्र्याच्या बागांपलीकडे काही उत्पन्न हवे, मुलांना गावातच रोजगार हवा. यात वावगे काहीच नाही. प्रश्न एवढाच की, पाहायला येणारे दसपट झाल्यावर दर्शनाला आलेल्या त्या बहिणीने कोठे बसावे?

ख्रिस्ती कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. आपल्याकडून सर्वांत जवळचे कॅथेड्रल म्हणजे नागपूरच्या सदर भागातील संत फ्रान्सिस डी सेल्सचे. परगावच्या सहली तेथे सहसा उतरत नाहीत. जो जातो तो मिस्सेला किंवा मूक प्रार्थनेला जातो, आणि त्याला कोणी अडथळा करीत नाही. परंतु जुन्या गोव्याला जाऊन आलेल्या मंडळींना विचारून पाहा. तेथील से कॅथेड्रल हे संत कॅथरीनच्या नावाचे. तिच्याच सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, पोर्तुगिजांनी ते शहर जिंकले होते. आज उभी असलेली इमारत १५६२ साली सुरू झाली आणि १६१९ साली पुरी झाली. तिचे दोन मनोरे होते, त्यांपैकी एक १७७६ साली कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ आहे. रस्त्याच्या पलीकडे १६०५ साली अर्पण झालेली बोम जेझुसची बॅसिलिका, आणि तिच्यात चांदीच्या पेटीत संत फ्रान्सिस झेवियरचे पवित्र अवशेष. संताने ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर देह ठेवला. १५५४ साली तो गोव्यात आणण्यात आला. १९८६ पासून ही सारी मंदिरे जागतिक वारसा म्हणून गणली जातात. साहजिकच आता सबंध जग तेथे येते.

आम्ही तेथे गेलो तेव्हा जे पाहिले ते सांगतो. भर दुपारी एकामागून एक मोटारी येत होत्या. वाटाड्या मोठ्या आवाजात पेटीची हकीकत सांगत होता. त्याचे ऐकणाऱ्यांपेक्षा हात उंच करून मोबाईलने चित्रे काढणारे अधिक. बाकाच्या टोकाशी एक म्हातारी गुडघे टेकून जपमाळ म्हणत होती. एका तरुणाने तिचेही चित्र काढले. त्याच्या मनात वाईट हेतू नसावा; त्याला ते दृश्य सुंदर वाटले असेल. पण प्रार्थना करणारे माणूसच जेव्हा पाहण्याची वस्तू होऊन बसते, तेव्हा काहीतरी उलटे झाले आहे, हे आम्हांला तेथे फार जाणवले.

तथापि, दोष सारा परधर्मीयांच्या माथी मारून मोकळे होऊ नये. गोव्यात झेवियरला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि या सायबापुढे नवस बोलणारे हिंदू थोडे नाहीत. आमच्या पुढे रांगेत असलेल्या एका कुटुंबातील बायकांच्या कपाळी कुंकू होते. चपला हातात घेऊन, डोईवर पदर घेऊन त्या मुकाट्याने पुढे सरकत होत्या. आणि समुद्रावरून परस्पर आलेले, आखूड कपड्यांतील, मोठमोठ्याने हसणारे काही तरुण आपलेच कॅथलिक होते. गळ्यातील क्रूस तशी साक्ष देत होता. तेव्हा दर्शनाला आलेला कोण आणि पाहायला आलेला कोण, हे धर्मावरून ठरत नाही.

दर दहा वर्षांनी संताचे अवशेष बॅसिलिकेतून से कॅथेड्रलमध्ये नेऊन लोकांसमोर ठेवण्यात येतात. त्याला वर्तमानपत्रे ‘शवप्रदर्शन’ म्हणतात. शब्द रूढ झाला खरा, पण शेतीच्या अवजारांचेही प्रदर्शनच भरते! मागील सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. आश्चर्य असे की, गर्दीच्या या दिवसांतच प्रार्थना अधिक सोपी होते. त्या दिवसांत रांगेची वाट वेगळी आणि मिस्सेची जागा वेगळी असते. येणाऱ्याला कोठे उभे राहावयाचे ते कळते. रांगेत जपमाळ चालते, आणि पेटीपुढे प्रत्येकाला जेमतेम क्षणभर मिळत असला तरी तो क्षण त्याचा असतो. सामान्य दिवशीची विस्कळीत गर्दी अधिक त्रासदायक. यावरून आमची खात्री झाली की, संख्येपेक्षा व्यवस्थेचा प्रश्न मोठा आहे.

जुन्या गोव्यातच पायी फिरत आणखी दोन ठिकाणे पाहावीत. से कॅथेड्रलला लागून असलेल्या संत फ्रान्सिस असिसीच्या मठात आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. जवळच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या मंदिराचा अर्धा उरलेला मनोरा आहे. पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केल्यावर १८३५ साली तेथील साधूंना जावे लागले, १८४२ साली छप्पर कोसळले, आणि १९३१ साली दर्शनी भागही ढासळला. एका टेकडीच्या पायथ्याशी मिस्सा चालू असलेले मंदिर, संग्रहालय झालेला मठ आणि उघड्या आभाळाखालचे भग्नावशेष, अशी तीन रूपे एका सकाळीत पाहता येतात. ऑगस्टीनच्या मनोऱ्याला प्रवाशांनी पाडले नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रार्थना करणारे निघून गेले, मग पाऊस आला.

सरकारी कायदाही याविषयी मुका नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात असे स्पष्ट सांगितले आहे की, जे संरक्षित स्मारक उपासनेचे स्थान असेल त्याचा उपयोग त्याच्या स्वरूपाशी विसंगत अशा कोणत्याही कामासाठी करू नये. बोम जेझुस आणि से ही दोन्ही मंदिरे अशी संरक्षित आहेत. दूर पॅरिसलाही हाच वाद रंगला. तेथील नोत्र दाम कॅथेड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत सापडले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. ते उघडण्यापूर्वी तेथील मंत्रीणबाईंनी सुचविले की, प्रवाशांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घ्यावे आणि तो पैसा देशातील जुन्या चर्चच्या डागडुजीला लावावा. हेतू चांगलाच होता. पण पॅरिसच्या धर्मप्रांताने नकार दिला: दार सर्वांना मोफतच राहील. आम्हांला हा नकार पटतो. तिकिटाच्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाने दर्शनाला आलेला कोणता आणि पाहायला आलेला कोणता, हे कशावरून ओळखावे? आणि पाहायला म्हणून आत शिरलेला माणूस गुडघे टेकूनच बाहेर पडला, तर त्याचे शुल्क कोणी परत करावे?

रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरात याहून साधी युक्ती आहे. सारे मंदिर पाहावयास मोकळे; परंतु परमपवित्र साक्रामेंताच्या कपेलाला पडदा आहे, आणि प्रार्थना करावयाची असेल त्यानेच आत जावे, अशी सूचना आहे. पडद्याबाहेर हजारोंचा कलकल, आत शांतता. पडद्याला खर्च किती येतो?

जामसावळीचे आराखडे करणाऱ्यांनी नुसत्या महाद्वाराचा आणि वाहनतळाचा विचार न करता पिंपळाखाली असा एखादा पडदा कोठे टाकता येईल, हे तेथे मुक्कामाला असलेल्या कुटुंबांना विचारावे. त्यांना कमानीपेक्षा पाण्याचा नळ, रात्री अंथरूण टाकण्यापुरती सावलीची जागा आणि आरतीच्या वेळेपुरते थांबणारे मोबाईल अधिक उपयोगी पडतील. आपल्यापैकी जे जुन्या गोव्याला निघतील, त्यांनी सहलीच्या मोटारीबरोबर दुपारी न उतरता आदल्या रात्री पणजीला मुक्काम करून सकाळची मिस्सा गाठावी. त्या वेळी बाके आपल्या लोकांनी भरलेली असतात आणि वाटाडे अजून चहा पीत असतात. पुढचा दशवार्षिक सोहळा प्रथेप्रमाणे २०३४ च्या अखेरीस येईल. पैसे साठवावयास अवधी आहे.